व्हीएव्ही डँपर सतत हलतो, तरी खोली थंड होत नाही: ॲक्च्युएटर बदलण्यापूर्वी काय तपासावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका कार्यालयीन मजल्यावर एकाच एएचयूवरून (हवा थंड करून पुढे ढकलणाऱ्या मुख्य यंत्रावरून) बऱ्याच व्हीएव्ही बॉक्सना, म्हणजे खोलीच्या गरजेप्रमाणे हवेचे प्रमाण बदलणाऱ्या पेट्यांना, हवा जाते. त्यांपैकी काहींचे डँपर (हवा कमी-जास्त करणारी फिरती पाती) दर मिनिट-दोन मिनिटांनी उघडझाप करतात, काहींमधून शिट्टीसारखा आवाज येतो, आणि कोपऱ्यातल्या खोल्या दुपारी तापतात, जरी बीएमएसच्या (इमारतीच्या यंत्रणांवर देखरेख ठेवणाऱ्या संगणकप्रणालीच्या) पडद्यावर त्यांचे डँपर १०० टक्के उघडे दिसत असले तरी. सगळे ॲक्च्युएटर (डँपर फिरवणाऱ्या मोटारी) बदलावेत असे ठेकेदाराचे म्हणणे आहे. ते योग्य आहे का, आणि डँपर साधारण किती टक्के उघडा असला पाहिजे, असे आपण विचारले आहे.

ॲक्च्युएटर बदलण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण वर्णन केलेल्या तक्रारींपैकी बहुतेकांचे मूळ ॲक्च्युएटरमध्ये नसून हवेच्या मोजणीत आणि डक्टमधील (हवा वाहून नेणाऱ्या मार्गातील) दाबात असते. मूळ कारण तसेच राहिले तर नवे ॲक्च्युएटरही तशीच उघडझाप करतील आणि लवकर झिजतील. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याहून सोपे आहे: डँपरच्या टक्केवारीला स्वतःचा असा अर्थ नसतो. बॉक्समधून या क्षणी किती हवा जायला हवी आणि प्रत्यक्षात किती जाते आहे, हे दोन आकडे शेजारी ठेवले तरच त्या टक्केवारीवरून काही निष्कर्ष काढता येतो.

दाबापासून स्वतंत्र असलेल्या बॉक्समध्ये दोन नियंत्रणे एकात एक गुंफलेली असतात. बाहेरचे नियंत्रण खोलीचे तापमान पाहते आणि किमान व कमाल या मर्यादांच्या आत हवेचे एक लक्ष्य ठरवते. आतले नियंत्रण बॉक्सच्या तोंडाशी हवा मोजते आणि ते लक्ष्य गाठेपर्यंत डँपरचे पाते फिरवते. शेजारचे चार बॉक्स मिटले आणि डक्टमधला दाब वाढला, तर हा बॉक्स खोलीचे तापमान बिघडण्याची वाट न पाहता पाते थोडे मिटून घेतो, आणि खोलीत जाणारी हवा तेवढीच राहते. जुन्या, दाबावर अवलंबून असलेल्या बॉक्समध्ये थर्मोस्टॅट थेट डँपर हलवतो. तेथे हवा मोजलीच जात नाही, त्यामुळे एका खोलीत कोणी सेटपॉइंट (ठरवून दिलेले तापमान) बदलला की त्याचा परिणाम दुसऱ्या खोलीत जाणवतो. आपल्याकडे कोणता प्रकार आहे, हे फॉल्स सीलिंगची एक टाइल काढून पाहिल्यास कळते. बॉक्सच्या तोंडात बारीक छिद्रे असलेली फुलीच्या किंवा कड्याच्या आकाराची नळी बसवलेली असेल आणि तिच्यापासून दोन बारीक लवचीक नळ्या कंट्रोलरकडे जात असतील, तर हवा मोजली जाते आहे असे समजावे. पुढचे सारे विवेचन या प्रकाराला धरून आहे.

या दोन नळ्यांकडे सर्वांत आधी पाहावे. एकीतून वाहत्या हवेचा एकूण दाब येतो आणि दुसरीतून स्टॅटिक दाब (वेगाचा भाग वगळून उरणारा दाब). त्यांतील फरकाच्या, म्हणजे वेगाच्या दाबाच्या, वर्गमुळाला बॉक्सच्या के-फॅक्टरने (त्या बॉक्ससाठी ठरलेल्या गुणकाने) गुणले की हवेचे प्रमाण मिळते. या वर्गमुळामुळेच कमी हवेवरची मोजणी नाजूक होते. हवा निम्मी झाली की दाबातला फरक एक चतुर्थांश होतो, आणि हवा एक चतुर्थांश झाली की तो फरक सोळाव्या हिश्श्यावर येतो. एक प्रत्यक्ष हिशेब मांडतो. ताशी ९०० घनमीटर कमाल हवा लागणाऱ्या खोलीसाठी २०० मिलिमीटर व्यासाचा बॉक्स घेतला, तर तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला सुमारे ८ मीटर येतो आणि वेगाचा दाब सुमारे ३८ पास्कल असतो. किमान हवा ३० टक्के ठेवली तर हा दाब सुमारे साडेतीन पास्कलवर येतो. आता त्याच खोलीला, ‘पुढेमागे लागेल’ म्हणून, ३१५ मिलिमीटरचा बॉक्स दिला तर कमाल हवेलाच वेगाचा दाब जेमतेम ६ पास्कल असतो, आणि किमान हवेला तो अर्ध्या पास्कलच्या आसपास उरतो. कंट्रोलरमधील दाबमापकाचे शून्य एका पास्कलने जरी सरकले, तरी २०० मिलिमीटरच्या बॉक्समध्ये किमान हवेची चूक १३ टक्क्यांच्या आसपास राहते, तर ३१५ मिलिमीटरच्या बॉक्समध्ये ती साठ टक्क्यांच्याही वर जाते. फुलीच्या आकाराचे काही सेन्सर मूळ दाबफरक थोडा वाढवून देतात, त्यामुळे प्रत्यक्षातली चूक याहून काहीशी कमी असते. पण आकारामुळे पडणारे अंतर त्याने मिटत नाही. म्हणून बॉक्स मोठा घेणे म्हणजे सुरक्षित बाजूला राहणे, या समजुतीला मी नेहमी विरोध करतो. मोठ्या बॉक्समध्ये मोजणी बिघडतेच, शिवाय पाते कायम जवळजवळ मिटलेल्या स्थितीत काम करते.

जवळजवळ मिटलेले पाते हे उघडझापीचे पहिले कारण आहे. गोल पात्याचा डँपर सरळ प्रमाणात काम करत नाही. आधीच्या डक्टमध्ये दाब भरपूर असेल तर पहिल्या वीस-पंचवीस अंशांतच बरीचशी हवा सुटते, आणि त्यानंतर पाते कितीही उघडले तरी फारसा फरक पडत नाही. ९० अंश फिरायला ९० सेकंद घेणारा ॲक्च्युएटर एका सेकंदात एक अंश सरकतो. मिटण्याच्या बेतात असलेल्या पात्याला तो एक अंशही फार होतो. लक्ष्याच्या वर गेले की मिटायचे, खाली गेले की उघडायचे, असे चक्र मग दिवसभर चालू राहते. दुसरे कारण मोजणीतील डगमग हे असते. बॉक्सच्या तोंडाआधी निदान तीन ते पाच व्यासांइतका सरळ, कडक डक्ट हवा, असा साधारण दंडक आहे. प्रत्यक्षात मात्र मुख्य डक्टमधून लवचीक डक्ट काढून तो काटकोनात वळवून थेट बॉक्सच्या गळ्यात घातलेला पुष्कळदा दिसतो. अशा ठिकाणी हवा एका बाजूला चिकटून भोवऱ्यासारखी आत शिरते, सेन्सरच्या काही छिद्रांवर जोराने आदळते आणि काहींना टाळून जाते, आणि कंट्रोलरला दिसणारा आकडा क्षणाक्षणाला बदलतो. तेथे नियंत्रणाचे गुणांक कितीही बदलले तरी उपयोग होत नाही. डक्टच सरळ करावा लागतो.

तिसरे कारण म्हणजे नियंत्रणे एकमेकांशी झुंजणे. एएचयूचा पंखा डक्टमधला दाब सांभाळत असतो आणि बॉक्स आपापली हवा सांभाळत असतात. दोघांचा वेग सारखाच ठेवला तर बॉक्स मिटतात तोवर पंखा मंदावतो, पंखा मंदावला म्हणून बॉक्स उघडतात, बॉक्स उघडले म्हणून पंखा पुन्हा वेग घेतो. यांतले कोणते कारण आपल्याकडे आहे हे ठरवायला एक साधी चाचणी पुरते. उघडझाप करणाऱ्या एका बॉक्सचे हवेचे लक्ष्य बीएमएसवरून एका स्थिर आकड्यावर बांधून ठेवावे आणि दहा-पंधरा मिनिटे त्याचा आलेख पाहावा. हवा स्थिर झाली तर दोष तापमानाच्या नियंत्रणात आहे. ते बहुधा फार उतावळे केलेले असते आणि त्याची गती कमी करून भागते. लक्ष्य बांधूनही डँपर हलतच राहिला, तर पंख्याचा वेग काही मिनिटांसाठी हाताने स्थिर करावा. उघडझाप थांबली तर पंख्याच्या दाबाचे नियंत्रण दोषी आहे. तरीही थांबली नाही तर मोजणी, पात्याची स्थिती किंवा बॉक्सचा आकार यांपैकी कशात तरी दोष आहे, आणि मग शिडी लावून वर जाण्याला पर्याय नाही. पंखा हाताने चालवताना डक्टमधील जादा दाबाचा सुरक्षा-स्विच चालू आहे याची आधी खात्री करून घ्यावी आणि दाबाच्या आकड्यावर कोणीतरी सतत नजर ठेवावी, कारण सारे बॉक्स एकदम मिटू लागले तर डक्टवर दाब चढतो.

कोपऱ्यातल्या खोल्यांचे डँपर पडद्यावर १०० टक्के दिसतात, तेव्हा शेजारचा हवेचा आकडा पाहावा. तो कमाल लक्ष्याइतका असेल तर बॉक्सने आपले काम केले आहे. मग हवाच पुरेशी थंड येत नाही, की खोलीतला उष्णतेचा भार मूळ हिशेबापेक्षा वाढला आहे, की थर्मोस्टॅट चुकीच्या जागी आहे, हे शोधावे. थर्मोस्टॅटवर दुपारचे ऊन पडणे, त्याच्या खालीच छपाईयंत्र असणे, किंवा भिंतीतील वायरच्या पाइपमधून आलेली छतावरची गरम हवा थेट सेन्सरवर येणे ही नेहमी आढळणारी कारणे आहेत. यांतले शेवटचे कारण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पाइपचे तोंड बुजवले की ते दूर होते. मजल्यावरच्या पार्टिशन नंतर हलवल्या असतील तर थर्मोस्टॅट एका खोलीत आणि त्याचा डिफ्यूझर (छतातून हवा सोडणारी जाळी) दुसऱ्या खोलीत, अशीही स्थिती असू शकते. एका थर्मोस्टॅटचा सेटपॉइंट तीन-चार अंशांनी खाली आणावा आणि कोणत्या बॉक्सची हवा वाढते ते पाहावे. दोन बॉक्सची अदलाबदल झाली असेल तर ती येथेच उघड होते.

हवा कमाल लक्ष्यापेक्षा बरीच कमी आणि डँपर मात्र पूर्ण उघडा दिसत असेल, तर पडद्यावरच्या १०० टक्क्यांवर लगेच विश्वास ठेवू नये. अनेक ॲक्च्युएटरना आपली स्थिती कळवण्याची सोयच नसते. किती सेकंद उघडण्याच्या दिशेने चालवले, यावरून कंट्रोलर टक्केवारीचा अंदाज बांधतो, आणि हजारो लहान हालचालींनंतर तो अंदाज सरकत जातो. शिवाय ॲक्च्युएटर दांड्यावर ज्या कड्याने आवळलेला असतो ते सैल झाले, तर ॲक्च्युएटर पूर्ण फिरतो आणि दांडा जागेवरच राहतो. यासाठी दांड्याचे टोक पाहावे. बहुतेक बॉक्समध्ये त्यावर एक खाच कोरलेली असते आणि ती पात्याला समांतर असते. हवेच्या दिशेशी ती सरळ रेषेत असेल तर पाते उघडे, आडवी असेल तर मिटलेले. ॲक्च्युएटरवरचे बटण दाबून धरून पाते हाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. ते मध्येच अडते का, दोन्ही टोकांना नीट टेकते का, आणि फिरवताना पडद्यावरची हवा त्याप्रमाणे बदलते का, या तीन गोष्टी हातालाच कळतात. पाते खरोखर उघडे असूनही हवा कमी असेल, तर मागच्या बाजूने शोध घ्यावा: फायर डँपर (आगीच्या वेळी डक्ट बंद करणारा) पडलेला, शाखेतील बॅलन्सिंग डँपर (शाखांमध्ये हवा वाटून देणारा) मिटून राहिलेला, किंवा दुसऱ्या कोणाच्या केबल-ट्रेखाली लवचीक डक्ट चेपला गेलेला.

हवेचा आकडा शून्य किंवा अगदी नगण्य, डँपर पूर्ण उघडा आणि खाली खोली मात्र गारठलेली, ही तिसरी स्थिती आहे. येथे दोन नळ्यांची अदलाबदल झालेली असते, किंवा एक नळी निघालेली वा पिचलेली असते. कंट्रोलरला हवा दिसत नाही, म्हणून तो पाते उघडत जातो. आपल्या मजल्यावर काही खोल्या अकारण थंड असतील तर हे अवश्य पाहावे, कारण असा एक बॉक्स डक्टच्या टोकाच्या खोल्यांची हवा खाऊन टाकतो. दुरुस्तीनंतर दाबमापकाचे शून्य पुन्हा ठरवताना, पंखा चालू असेल तर केवळ डँपर मिटण्यावर विसंबू नये. मिटलेल्या पात्यातूनही थोडी हवा गळते आणि ती गळतीच शून्य म्हणून नोंदली जाते. पंखा बंद असताना शून्य ठरवणे अधिक खात्रीचे. मग खाली डिफ्यूझरवर फ्लो हूड (हवा मोजणारे टोपीसारखे उपकरण) धरून प्रत्यक्ष हवा मोजावी आणि मोजलेल्या व दाखवलेल्या आकड्यांच्या गुणोत्तराने के-फॅक्टर सुधारावा. हे काम कमाल हवेवर करावे. सुधारणा दीडपटीहून अधिक निघाली तर ती मुकाट्याने भरू नये. बॉक्सचा व्यासच कंट्रोलरमध्ये चुकीचा भरलेला असण्याची, किंवा बॉक्सनंतरचा डक्ट गळत असण्याची शक्यता मोठी आहे.

आता दाबाकडे येतो, कारण शिट्टी आणि उघडझाप या दोन्ही तक्रारी येथे एकत्र येतात. मुख्य डक्टमधील दाबाचा सेटपॉइंट कमिशनिंगच्या (यंत्रणा पहिल्यांदा तपासून सुरू करण्याच्या) वेळी कोणीतरी सुरक्षित म्हणून वर ठेवलेला असतो, आणि पुढे तक्रार आली की तो आणखी वाढवला जातो. रीहीट कॉइल (हवा पुन्हा तापवणारे वेटोळे) नसलेल्या बॉक्सला, पुढील डक्ट आणि डिफ्यूझर धरूनही, तोंडाशी बहुधा १०० पास्कलच्या आतच दाब पुरतो. डक्टमध्ये ३५० पास्कल असतील तर उरलेला सगळा दाब पात्याने मारावा लागतो. तो मारताना आवाज होतो, पाते मिटण्याच्या जवळ जाते, आणि पंख्याची वीज वाया जाते. हवा निम्मी झाली की पंख्याची वीज सिद्धान्ताने आठव्या हिश्श्यावर यायला हवी, पण ती तेव्हाच येते जेव्हा दाबही हवेबरोबर उतरू दिला जातो. स्थिर दाबावर चालणाऱ्या पंख्याला हा लाभ पुरता मिळत नाही.

यावरचा उपाय सुस्थापित आहे. ॲश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेने २०१८ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या गाइडलाइन ३६ मध्ये तो सविस्तर दिला आहे. डँपर ९५ टक्क्यांच्या वर गेला की बॉक्स दाबाची एक मागणी नोंदवतो आणि डँपर ८५ टक्क्यांच्या खाली येईपर्यंत ती कायम राहते. हवा लक्ष्यापेक्षा फारच कमी पडत असेल तर मागण्यांची संख्या वाढते. दर दोन मिनिटांनी मागण्या मोजल्या जातात. पहिल्या दोन मागण्यांकडे दुर्लक्ष केले जाते. दाबाचा सेटपॉइंट दर वेळी सुमारे १२ पास्कलने उतरतो, आणि मागण्या दोनहून अधिक असतील तर त्याच वेळी प्रत्येक जादा मागणीमागे सुमारे १५ पास्कलने, पण एका वेळी ३२ पास्कलच्या मर्यादेत, वर सरकतो. हे आकडे सुरुवातीसाठी आहेत. इमारतीनुसार ते बदलावे लागतात. या पद्धतीत आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तरही आहे: नीट चालणाऱ्या यंत्रणेत एक-दोन डँपर जवळजवळ पूर्ण उघडे आणि बाकीचे मध्यावर असावेत. सगळेच २० टक्क्यांवर असतील तर दाब जास्त आहे, आणि पुष्कळसे १०० टक्क्यांवर असतील तर तो कमी आहे किंवा हवा गरम येते आहे. मात्र वर सांगितलेल्या दोषांपैकी एखादा दोष असलेला बॉक्स दिवसभर मागणी करत राहतो आणि साऱ्या मजल्याचा दाब वर ओढून धरतो. म्हणून दाबाचे हे स्वयंचलित समायोजन सुरू करण्यापूर्वी बॉक्स दुरुस्त करावेत. तोवर एखाद्या हट्टी बॉक्सची मागणी मोजणीतून वगळता येते, पण त्याची नोंद ठेवावी, नाहीतर ती वगळणूक कायमची होऊन बसते.

किमान हवेबद्दलही लिहिणे आवश्यक आहे, कारण खोली फार थंड होते म्हणून किमान आकडा शून्याकडे ढकलण्याचा मोह होतो. ती मर्यादा त्या खोलीतील माणसांना लागणाऱ्या ताज्या हवेने ठरते, तसेच कंट्रोलर भरवशाने मोजू शकेल अशा कमीत कमी हवेनेही ठरते. त्याहून खाली गेल्यास काही जातींच्या डिफ्यूझरमधून थंड हवा छताला धरून न पसरता सरळ खाली पडते आणि नेमकी खाली बसलेल्या माणसाची तक्रार येते. उलट बाजूने, जुन्या सवयीने सर्वत्र ४०-५० टक्के किमान हवा ठेवलेली असेल, तर रिकाम्या खोल्या गारठतात आणि रीहीट असल्यास तीच हवा पुन्हा तापवली जाते. प्रत्येक खोलीसाठी हा आकडा स्वतंत्र काढावा. याच्याच जोडीने एएचयूवरचा ताज्या हवेचा डँपर तपासावा: तो एका जागी बांधलेला असेल तर पंखा मंदावल्यावर मिश्रणकक्षातील ओढ कमी होते आणि आत येणारी ताजी हवाही घटते. बॉक्स आपली किमान हवा देत असल्याचे पडद्यावर दिसते, पण त्या हवेतील ताज्या हवेचा वाटा उतरलेला असतो. ताज्या हवेच्या मार्गावर स्वतंत्र मोजणी असणे हाच यावरचा खरा उपाय आहे.

कामाचा क्रम असा ठेवावा. आधी पडद्यावरूनच प्रत्येक बॉक्सचे हवेचे लक्ष्य, मोजलेली हवा, डँपर आणि खोलीचे तापमान यांची एका दुपारची नोंद काढावी. आकड्यांचा मेळ न बसणारे मोजके बॉक्स तेथेच वेगळे पडतात. त्यानंतर फक्त त्यांच्याकडे शिडी न्यावी: नळ्या, दांड्याची खाच, कडे, तोंडाआधीचा डक्ट, मग शून्य आणि के-फॅक्टर. दाब टप्प्याटप्प्याने, एका वेळी २५ पास्कलने, आणि दिवसातील सर्वांत उष्ण वेळी उतरवून पाहावा, म्हणजे नेमका कोणता बॉक्स आधी उपाशी पडतो हे कळते.

ॲक्च्युएटर बदलणे केव्हा योग्य? बटण दाबल्यावर पाते हाताने मोकळे फिरते, वीजपुरवठा आणि कंट्रोलरचा संकेत दोन्ही टर्मिनलवर बरोबर मिळतात, कडे घट्ट आहे, आणि तरीही ॲक्च्युएटर फिरत नाही, एकाच दिशेला फिरतो किंवा दातांचा करकर आवाज करून जागीच थांबतो, तेव्हा तो निश्चित बदलावा. पाते हातानेही जड फिरत असेल तर मात्र दोष दांड्याच्या बुशिंगमध्ये (दांडा ज्यात फिरतो त्या बाहीत) किंवा वाकलेल्या कवचात असतो, आणि तेथे नवा ॲक्च्युएटरही जळेल. ठेकेदाराला या कसोट्या लावून प्रत्येक बॉक्सचा निष्कर्ष लेखी द्यायला सांगावे, आणि ज्या बॉक्सबाबत तो देता येणार नाही त्याच्या ॲक्च्युएटरची मागणी मंजूर करू नये.